तिसऱ्या घोड्यावरचा माणूस

पोस्टरवर त्याचं नाव कधीच नसायचं.
पिक्चर संपला की, लोक पायानं चपला शोधत असताना,
वर सरकणाऱ्या बारीक अक्षरांत
बाराव्या नाहीतर तेराव्या ओळीला: लॉइड कारमोडी.
बुळे पेंटर उभं राहून वाचायचे.
इंग्रजी तेवढंच यायचं त्यांना, नावांपुरतं.

इंदूर, छावणी, क्राउन टॉकीज.
रविवारी सकाळचा इंग्रजी खेळ,
महूहून आलेले फौजी, कॉलेजची चार पोरं,
आणि पुढच्या रांगेत फुकट आम्ही दोघं.
ते पडद्याकडे बघत,
मी त्यांच्या बोटांकडे,
गुडघ्यावर कोरडीच चालणाऱ्या.

माझं काम चौकटी आखायचं.
फोटोवर बोटभर, कापडावर हातभर.
त्यात ते हिरो भरायचे,
हनुवटी आधी, डोळे सगळ्यात शेवटी.
आणि काम आटपलं की
डब्यात उरलेल्या तपकिरी रंगात
हिरोच्या कोपराखाली एक लहानसा माणूस,
तिसऱ्या घोड्यावरचा, टोपी भुवयांवर ओढलेली.

मॅनेजर गंगराडे वर बघून विचारायचे,
"ये कौन है, पेंटर साब? इसका तो फोटो भी नहीं आया."
"हा मरतो," बुळे मराठीतच सांगत.
"सतरा पिक्चरमध्ये मेलाय. इतकं तर बनतं."

मरायचाही नीट.
आधी टोपी. मग डावा गुडघा.
मग हात जमिनीला,
परक्याच्या घरी बसण्याआधी
सतरंजी चाचपावी तसा.
मग आडवा.
हिरो तोवर दुसरीकडे बघत असायचा.
कधी गुत्त्यात मेला, कधी टेकडीमागे,
एकदा तर महायुद्धात, चिखलात,
घोडा नव्हता, तरी तसाच.

दर गुरुवारी रात्री कापडावर चुना फिरे.
शुक्रवारी नवा हिरो.
कारमोडीचा कोपरा बुळे शेवटी पुसत.

पुढं रविवारचे खेळ बंद झाले.
कापड सियागंजच्या एका हातगाडीवाल्यानं नेलं.
चुन्याचे पापुद्रे सुटले, आणि कांद्याच्या पोत्यांवर
कधी एखादा कान दिसायचा.
कुणाचा, ते मला माहीत होतं.
बुळे आता पाट्या लिहीत. लेडीज टेलर. बर्तन भांडार.
त्या भांडारच्या भ-वर, नीट पाहिलं तर, एक टोपी आहे.

केबल आली त्या साली, रात्री दीड वाजता
काळ्यापांढऱ्या कुठल्याशा मालिकेत
तो मला सापडला.
केस पिकलेले, औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा.
एका बाईला बाटली देतो, सुटे पैसे मोजतो,
चक्क चार वाक्यं बोलतो.

तोच भाग दुसऱ्या दुपारी पुन्हा लागायचा.
नारायणबागेतून बुळ्यांना सायकलवर बसवून आणलं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काचेला नाक लावून बसले.
"हा नव्हे," म्हणाले. "हा म्हातारा आहे."

दुकान बंद करायची वेळ झाली होती.
कारमोडीनं टोपी काढली.
स्टुलाकडे वळला, डावा गुडघा दुमडला,
हात फळीला टेकवला, चाचपून.

बुळ्यांची पाठ ताठ झाली.
"आता," ते म्हणाले. "आता पडेल."

आम्ही वाट पाहिली.
तो बसला.
कपात कॉफी ओतली, फुंकर मारली.
मग साबणाची जाहिरात लागली,
आणि जाहिरातीनंतर दुसरंच घर, दुसरीच माणसं.

बुळे बराच वेळ काही बोलले नाहीत.
चहाही तसाच राहिला.
जाताना जिन्यात थांबून, कठड्यावर हात ठेवून विचारलं,
"त्या दुकानाची पाटी कुणी लिहिली असेल रे?
अक्षर चांगलं होतं."